गाठ काखेत, कारण कुठे?

१. दोन प्रकारची माणसं

काखेत गाठ हाताला लागली की पहिला प्रश्न एकच निघतो: हा कॅन्सर तर नाही ना? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच असतं. पण हा प्रश्न सगळेच विचारत नाहीत. गाठ ठणकत असेल, हात खाली घेता येत नसेल, तर माणूस त्याच संध्याकाळी दवाखाना गाठतो. गाठ दुखत-खुपत नसेल, तर "राहू दे, जाईल आपोआप" म्हणत महिने निघून जातात. काखेच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा करावा लागतो. ठणकणारी गाठ बहुधा साधी निघते; गपगुमान बसलेली गाठ मात्र दाखवून घ्यावी लागते.

हे समजून घ्यायला नवी मुंबईतलं करावे गाव सोयीचं आहे. एका अंगाला खाडी, तिवरं आणि थंडीत उतरणारे रोहित पक्षी. दुसऱ्या अंगाला पाम बीच रस्ता आणि सीवूड्सचे टॉवर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या ज्या गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं, त्यांपैकी हे एक. आज इथे मासळी साफ करणारे हात आहेत, जिममध्ये घाम गाळणारी पोरं आहेत, मधुमेही आजोबा आहेत, ओली बाळंतीण आहे आणि तिचं दोन महिन्यांचं बाळ आहे. या सगळ्यांच्या काखेत गाठ येऊ शकते, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं.

२. काखेत असतं तरी काय?

कातडी, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा, आणि या सगळ्यांभोवती मऊ चरबी. स्तनाच्या ऊतीचं एक शेपूटही काखेच्या दिशेने वर आलेलं असतं. यातल्या कशाचीही गाठ होऊ शकते. पण काखेतल्या गाठींच्या गोष्टीत मुख्य भूमिका आहे ती चरबीत रुतलेल्या लसिका ग्रंथींची. प्रत्येक काखेत त्या साधारण वीस ते तीस असतात. निरोगी असताना त्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतात आणि सहसा हाताला लागत नाहीत.

आता लसिका म्हणजे काय? रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना थोडा द्रव पेशींच्या मधल्या फटींत झिरपतो. बराचसा परत रक्तात जातो, उरलेला पातळ नळ्यांच्या वेगळ्या जाळ्यात शिरतो. हीच लसिका. वाटेत ती ग्रंथींमधून गाळून निघते आणि शेवटी मानेच्या मुळाशी रक्तात मिसळते. ठाणे खाडीत खुंटांना बांधून, प्रवाहाकडे तोंड करून डोल नावाचं जाळं लावतात. पाणी आरपार जातं आणि पाण्यासोबत आलेलं आत अडकतं. लसिका ग्रंथी तशीच प्रवाहात बसलेली असते. फरक एवढाच, की डोल अडकलेल्या वस्तूकडे बघत नाही, ग्रंथी बघते. आत बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रत्येक पाहुण्याची ओळख पटवतात आणि तो जंतू निघाला तर तिथल्या तिथे आपली संख्या वाढवतात. ग्रंथी सुजते ती या भरतीमुळे. म्हणजे सूज हे बहुतेक वेळा ग्रंथीचं काम चालू असल्याचं लक्षण असतं.

पुढचा मुद्दा या प्रकरणाचा कणा आहे. प्रत्येक ग्रंथीसमूहाची हद्द ठरलेली असते. काखेची हद्द म्हणजे बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंतचा हात, त्या बाजूचा स्तन, छातीचा पुढचा भाग आणि पाठीचा वरचा भाग. स्तनातली सुमारे तीन-चतुर्थांश लसिका त्याच बाजूच्या काखेकडे येते. त्यामुळे काखेत ग्रंथी सुजली की जाणता डॉक्टर आधी काखेकडे बघतच नाही. तो म्हणतो, "जरा हात दाखवा. नखं बघू."

३. काटा बोटात, गोळा काखेत

समजा, करावे गावातली पन्नाशीची एक कोळीण शिंगाळा साफ करताना बोटाला काटा टोचून घेते. कोलंबीचं टोक, चिंबोरीची नांगी, कालवं फोडताना निसटलेली धार, असे प्रसंग त्या हातांना नवे नाहीत. ती बोट पाण्याखाली धरते आणि कामाला लागते. दोन दिवसांनी बोट जरा लाल, आणि तिसऱ्या दिवशी काखेत दुखरा गोळा. जुन्या बायका याला अवधाण म्हणतात आणि आधी जखम कुठे आहे ते विचारतात. त्यांची ही चौकशी शास्त्रशुद्धच आहे.

अशी गाठ दुखरी असते, बोटाखाली सरकते, आणि जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. पूर्ण जायला कधी महिनाही लागतो. बोट बरं होऊनही गाठ रेंगाळली, तर घाबरण्याआधी हे लक्षात ठेवावं: भरती झालेली फौज एका रात्रीत घरी जात नाही.

खाडीतल्या जखमांना मात्र एक जोड आहे. खाऱ्या पाण्यात आणि मासळीवर असे काही जंतू राहतात जे घरगुती जखमेत सहसा दिसत नाहीत. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद मासळीच्या जखमेतून शिरतो आणि बोटावर न भरणारी, आठवडेच्या आठवडे चालणारी गाठ करतो. हातावरून वर एका ओळीत आणखी गाठी उमटू शकतात. दुसरे काही जंतू इतके घाई करतात की जखमेभोवतीचा लाल भाग काही तासांत पसरतो, फोड येतात, ताप चढतो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने अशा वेळी उद्याची वाट बघू नये. आणि डॉक्टरला "मासळीचा काटा लागला होता" हे सांगायला विसरू नये, कारण औषधाची निवड त्यावर बदलते.

मांजराचा ओरखडाही हेच करतो. मासळीच्या आसपास मांजरं असायचीच, आणि पिल्लं हातावर नखं मारायचीच. बार्टोनेला नावाचा जंतू अशा ओरखड्यातून शिरला, तर एक ते तीन आठवड्यांनी काखेत मोठी, दुखरी गाठ येते. तोवर ओरखडा वाळून गेलेला असतो आणि कुणाला आठवतही नाही. बहुतेकांत ती आपोआप बसते.

दंडावर टोचलेली लसही याच हद्दीत येते. २०२१ मध्ये कोविडच्या लसीकरणानंतर कित्येकांच्या त्याच बाजूच्या काखेत गाठ आली. स्तनाच्या मॅमोग्राफीत या सुजलेल्या ग्रंथी दिसू लागल्यावर जगभरच्या रेडिओलॉजिस्टांना लस कधी आणि कोणत्या हाताला घेतली हे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागली.

४. १८९६: काख जेव्हा सरकारी बाब झाली

काखेतल्या गाठीने मुंबईला जेवढं हलवलं, तेवढं क्वचितच कुठल्या लक्षणाने हलवलं असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात वैद्यकी करणाऱ्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांना तापाचे असे रुग्ण दिसले, ज्यांच्या जांघेत किंवा काखेत दुखरे गोळे होते आणि जे दिवसांत दगावत होते. त्यांनी निदान केलं: प्लेग. धोबी तलावाजवळचा त्यांचा पुतळा आजही रहदारीत उभा आहे. त्याच्याकडे मान वर करून बघणारे थोडे.

पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा आला. रेल्वे स्थानकांवर उतारूंना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या. पुण्यात गोरे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. परक्या पुरुषाने बायकांच्या काखेला हात लावायचा, तोही भर रस्त्यात, या अपमानाचा संताप सगळ्यांत मोठा होता. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली, त्यामागे हाही राग होता. त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन, सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

वैद्यकाच्या दृष्टीने प्रश्न असा होता: गाठ जांघेत जास्त का, काखेत कमी का? याचं उत्तर शोधताना फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी हिंदुस्थानातल्या रुग्णांचं अंग बारकाईने पाहिलं. काहींच्या पायावर त्यांना एक छोटासा फोड दिसला आणि त्या फोडात प्लेगचे जंतू सापडले. फोड नेहमी त्याच भागात, ज्या भागातली लसिका त्या सुजलेल्या ग्रंथीकडे जाते. म्हणजे जंतू कातडीतून शिरत होता आणि कुणीतरी तो टोचत होतं. फोड बहुधा पायावर, कारण पिसू जमिनीवरून उडी मारते ती पायापर्यंत. म्हणून गाठ जांघेत. हाताला किंवा अंगाला चावली तर काखेत. १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सिमाँ यांनी उंदीर-पिसू-माणूस हा मार्ग दाखवला. मग गटारं धुऊन, घरांना चुना लावून, लोकांच्या गाद्या जाळून साथ का थांबत नव्हती, याचा उलगडा झाला. त्या काळच्या तज्ज्ञांनी मात्र सिमाँ यांचं म्हणणं बरीच वर्षं मनावर घेतलं नाही.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

प्लेग आता इतिहासजमा झाला असं म्हणायची सोय नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची धावपळ झाली. पण आज नवी मुंबईत काखेत गोळा आलेल्या माणसाच्या मनात प्लेग येण्याचं कारण नाही, आणि आता तो प्रतिजैविकांनी बरा होतो.

५. बाळाच्या डाव्या काखेतली गाठ

दोन-तीन महिन्यांच्या बाळाला तेल लावताना आजीच्या हाताला डाव्या काखेत गोटीसारखं काही लागतं. बाळ मजेत आहे, दूध पितंय, ताप नाही. घरात रडारड सुरू होण्याआधी एकच गोष्ट बघायची: डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का?

भारतात जन्मल्याबरोबर बाळाच्या डाव्या दंडात बीसीजी टोचतात. ती क्षयाविरुद्धची लस, आणि तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो. दोन ते चार आठवड्यांत तिथे पुटकुळी येते, ती पिकते, सुकते आणि व्रण राहतो. हे व्हायलाच हवं. काही जंतू लसिकेबरोबर काखेपर्यंत जातात आणि तिथली ग्रंथी त्यांच्याशी ओळख करून घेताना सुजते. गाठ डावीकडेच का येते, याचं रहस्य एवढंच की लस डावीकडे टोचलेली असते.

बहुतेक बाळांत ही गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप लहान होते. शेकायची नाही, चोळायची नाही, लेप लावायचा नाही. क्षयाच्या गोळ्या साधारणपणे लागत नाहीत. क्वचित गाठ मऊ पडते आणि वरची कातडी लालसर, पातळ होते. म्हणजे आत पू झालेला आहे. तेव्हा बालरोगतज्ज्ञ सुईने तो ओढून घेतात. इथे चिरा देऊन पू काढायचा आग्रह धरू नये. चिरलेली जागा महिनोन्‌महिने वाहत राहते, सुईची जागा लवकर मिटते.

गाठ उजवीकडे असेल, बाळाचं वजन वाढत नसेल, ताप असेल किंवा इतरत्रही गाठी असतील, तर मग ही बीसीजीची नेहमीची कथा नव्हे. त्याला वेगळी तपासणी लागते.

६. गाठ कातडीचीच असेल तर

काखेतल्या सगळ्या गाठी ग्रंथींच्या नसतात. वस्तऱ्याने किंवा क्रीमने केस काढल्यावर केसाच्या मुळाशी येणारी लाल, टोकदार पुटकुळी म्हणजे केसतोड. तीच खोल गेली, पिकली, की गळू. काखेतल्या अशा गळवाला घराघरांत काखमांजरी म्हणतात. कोमट पाण्याच्या कपड्याने शेकणं चांगलं. नखांनी पिळणं वाईट, कारण पू बाहेर यायच्या ऐवजी आत ढकलला जातो. चुना-गुळाचा लेप अजूनही लावतात. त्याने कातडी भाजते आणि डॉक्टरला आधी भाजलेलं बरं करावं लागतं. गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर मलमाच्या आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेह आहे हे कित्येकांना पहिल्यांदा गळवामुळेच कळतं.

दोन्ही काखांत, जांघेत, स्तनांखाली वर्षानुवर्षं गाठी येणं, फुटणं, त्यांचे दोरीसारखे व्रण राहणं, कातडीखाली एकीतून दुसरीकडे भोकं पडणं, हा मात्र वेगळा आजार आहे. डॉक्टर त्याला हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा म्हणतात. १८३९ मध्ये फ्रेंच शल्यविशारद व्हेल्पो यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला गेला आणि तेच नाव चिकटलं. आज कळलंय की बिघाड सुरू होतो केसाच्या मुळाशी, तिथली वाट बुजल्यामुळे. बहुधा तारुण्यात सुरू होतो, धूम्रपान आणि वाढलेलं वजन त्याला खतपाणी घालतात. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळे होत नाही. यातली दुसरी गोष्ट ठासून सांगायला हवी. कॉलेजातली मुलगी दिवसातून तीनदा आंघोळ करते, तरी घरचे म्हणतात "नीट धुत जा", आणि ती लाजेने डॉक्टरकडे जातच नाही. दर वेळी गळू फोडून घेणं हा त्याच्यावरचा इलाज नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे दीर्घकाळ चालणारे उपचार आहेत.

चरबीची गाठ ओळखायला सोपी: मऊ, रबरासारखी, बोटाखाली घसरणारी, वर्षानुवर्षं तेवढीच. मध्ये काळा ठिपका असलेली, कातडीला चिकटलेली गोल गाठ ही कातडीतली पिशवी.

आणि बाळंतिणीची गाठ. काही स्त्रियांच्या काखेत स्तनाची जास्तीची ऊती जन्मापासून असते. एरवी ती कळतही नाही. पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की काखही फुगते, दुखते आणि घरात धास्ती बसते. थंड पट्ट्या, बाळाला नियमित पाजणं आणि थोडा धीर. बहुधा काही दिवसांत उतरते. दाबून दूध काढायचा प्रयत्न करू नये, त्याने आणखी दूध येतं. ही ऊती स्तनाचीच असल्याने स्तनाचे आजार तिलाही होऊ शकतात. तेव्हा बाळंतपणाशी संबंध नसताना ती वाढली तर दाखवायला हवी.

डिओडरंटमुळे स्तनाचा कॅन्सर होतो हे मोबाइलवर फिरणारं पत्र बहुतेकांनी वाचलेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली. डिओडरंट, घाम रोखणारी द्रव्यं, काखेतले केस काढणं, कशाचाही संबंध दिसला नाही. त्याने पुरळ येऊ शकतं, केसतोड होऊ शकतं. त्यापलीकडे भीती बाळगायचं कारण नाही.

७. थंड गाठ

क्षय म्हटला की खोकला आठवतो. पण क्षयाचा जंतू लसिका ग्रंथींतही ठाण मांडतो. बहुधा मानेत, कधी काखेत. ही गाठ हळूहळू वाढते. फार दुखत नाही, लाल होत नाही, हाताला गरम लागत नाही. दोन-तीन ग्रंथी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो. पुढे मऊ पडून फुटते आणि वाहत राहते. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन असेलच असं नाही.

भारतात क्षयाचे रुग्ण इतके, की न दुखणारी गाठ दिसली की काही डॉक्टर तपासणी न करता क्षयाच्या गोळ्या सुरू करतात. हा अंदाजपंचे कारभार महागात पडतो. गाठ कॅन्सरची असेल तर सहा महिने वाया जातात. औषधांना न जुमानणारा क्षय असेल तरीही तेच. ग्रंथीतला द्रव सुईने काढून त्यात जंतूचं जनुक शोधणारी चाचणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हेही सांगते. उपचार साधारण सहा महिन्यांचा, तोही मोफत. उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. उपचाराच्या सुरुवातीला गाठ काही काळ वाढलेली दिसू शकते. त्याने घाबरून गोळ्या सोडणं हा नेहमीचा घोटाळा.

८. न दुखणारी, कडक, जागची न हलणारी

आता तो प्रश्न, ज्यासाठी बहुतेकांनी हे प्रकरण उघडलं असेल.

स्तनाचा कॅन्सर हा आज भारतीय स्त्रियांमधला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे. २०२२ साठीच्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. स्तनातून सुटलेल्या पेशींचा पहिला थांबा बहुधा त्याच बाजूची काख. ग्रंथी त्यांना अडवते, पण जंतूंसारखं त्यांना संपवणं तिला नेहमी जमत नाही. पेशी तिथेच वाढतात आणि ग्रंथी कडक होते. स्तनातली गाठ लहान आणि खोल असेल तर काखेतली आधी हाताला लागते. कधी कधी स्तनात काहीच सापडत नाही. असे रुग्ण स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरात एकाहूनही कमी. अमेरिकी शल्यविशारद हाल्स्टेड यांनी १९०७ मध्येच अशा स्त्रियांची नोंद केली होती. म्हणून "स्तनात गाठ नाही, मग काखेतली साधीच असेल" हा तर्क धरू नये. पुरुषांनीही निर्धास्त राहू नये. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि त्याला तो आपल्याला होऊ शकतो हेच माहीत नसतं.

परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयोगटातल्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन फक्त हातांनी तपासत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. शिकवलेले हात काय करू शकतात, याचा एवढा मोठा पुरावा जगात दुर्मीळ आहे.

काखेचा उपचारही बदललाय. हाल्स्टेड यांच्या काळापासून स्तनाबरोबर काखेतल्या ग्रंथी सरसकट काढत. कॅन्सर जाई, पण लसिकेची वाट तुटल्याने कित्येकींचा हात जन्मभर सुजलेला राही. ज्या बाईचं पोट टोपली उचलण्यावर आहे, तिच्यासाठी हे किरकोळ दुखणं नव्हे. १९९० च्या दशकात वेगळी रीत रुळली: निळा रंग किंवा सौम्य किरणोत्सारी द्रव्य स्तनात टोचायचं, ते सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोचेल तेवढीच काढून तपासायची आणि ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे साहित्य सगळीकडे मिळत नाही, म्हणून टाटाच्या शल्यचिकित्सकांनी काखेच्या फक्त खालच्या भागातल्या ग्रंथी काढून तपासण्याची स्वस्त पद्धत अभ्यासली.

लसिका ग्रंथींचा स्वतःचा कॅन्सरही असतो, लिम्फोमा. त्यात काखेबरोबर मानेत, जांघेतही रबरासारख्या, न दुखणाऱ्या गाठी येतात. रात्री कपडे भिजतील इतका घाम, कारण न सापडणारा ताप, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं, ही त्याची खूण. यातले अनेक प्रकार उपचारांनी पूर्ण बरे होतात. एचआयव्ही किंवा संधिवातातही अनेक ठिकाणच्या ग्रंथी सुजतात. म्हणून गाठ एकाच काखेत आहे की इतरत्रही, हे आधी बघायचं.

९. सुई काय सांगते

किती दिवस थांबायचं? हाताला जखम आहे, गाठ दुखरी आहे, सरकते आहे, तर दोन-तीन आठवडे. त्यानंतरही तेवढीच राहिली किंवा वाढली, तर दवाखाना. गाठ कडक असेल, जागची हलत नसेल, दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, स्तनावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल, स्तनाग्र आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर एकही आठवडा थांबू नये. करावे गावात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आहे. सुरुवात तिथून करता येते. गरज पडली तर खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटाचं कॅन्सर केंद्र फार लांब नाही.

डॉक्टर आधी हात, स्तन, मान, दुसरी काख बघतात. मग सोनोग्राफी, त्यात ग्रंथीचा आकार शेंगदाण्यासारखा लांबट आहे की गोल, मधली चरबी शाबूत आहे की गेली, हे दिसतं. लांबट आणि मध्ये चरबी असलेली बहुधा निरुपद्रवी. शंका उरली तर बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात किंवा जाड सुईने तुकडा काढतात. सुई घातली की कॅन्सर पसरतो, हा समज जुना आणि चिवट आहे. त्यापायी सुई टाळणारे उशीर मात्र नक्की करतात. या तपासणीचा पूर्वज पुन्हा प्लेगच्याच कथेत सापडतो. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्सांद्र येर्सां यांना शवागारात शिरू दिलं नव्हतं. त्यांनी गवताच्या झोपडीत प्रयोगशाळा थाटली, मुडदे वाहणाऱ्या खलाशांना पैसे देऊन प्रेतांच्या गाठींतला द्रव मिळवला आणि त्यात प्लेगचा जंतू पाहिला.

अहवाल हातात आला की चार शब्दांपैकी एखादा दिसतो. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे ग्रंथी कशाशी तरी लढते आहे. काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं आणि गाठ वाढतच असेल तर अहवाल चांगला असूनही आणखी तपासायचं. 'ग्रॅन्युलोमॅटस' म्हणजे आपल्याकडे बहुधा क्षय, पण मांजराचा ओरखडाही असेच कण करतो, म्हणून जंतूची चाचणी हवी. 'मेटास्टॅटिक' म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरच्या पेशी. मूळ कुठे आहे याचा शोध त्याच आठवड्यात सुरू व्हावा. आणि 'इनॅडिक्वेट' म्हणजे सुईत पुरेशा पेशी आल्याच नाहीत. या चौथ्या शब्दावर अनेक जण "काही निघालं नाही" असं समजून घरी जातात. त्याचा अर्थ तपासणी झालीच नाही असा असतो, आणि सुई पुन्हा घालावी लागते.